पेलाभर कॉफी आणि बसायला जागा

परक्या शहरात उतरलेल्या माणसास पहिल्या दिवशी निवारा लागतो, दुसऱ्या दिवशी जेवणाची सोय लागते, आणि तिसऱ्या दिवशी त्याला जे लागते त्यास आपल्या भाषेत नेमके नाव नाही. ते घर नव्हे, कचेरी नव्हे, देऊळही नव्हे. जेथे घटका दोन घटका बसता येईल, बसण्याचे कारण कोणी विचारणार नाही, आणि शेजारचा बोललाच तर बोलण्यासाठीच बोलेल, अशी ती जागा असते. गावात पार असतो, चावडी असते, हे खरे. परंतु पारावर कोणी बसावयाचे, कोणी खाली उभे राहावयाचे आणि कोणी तिकडे फिरकावयाचेही नाही, हे जन्माबरोबरच ठरलेले असे. शहराने या गोष्टीवर जो तोडगा काढला, तो म्हणजे कॉफीचे दुकान. म्हणून नव्या शहरी जावयाचे ठरले की तेथील किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या आधी मला तेथील कॉफीच्या दुकानांची ओढ लागते. या ओढीच्या मागे पाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाटतो तितका निवांत नाही.

कॉफीचे पेय प्रथम रूढ केले ते येमेनमधील सूफी साधकांनी. रात्रीच्या जपाला झोप येऊ नये एवढाच त्यांचा हेतू. परंतु पेय मठातून बाजारात आले आणि त्याच्याभोवती माणसे जमू लागली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 1511 साली मक्केचा अंमलदार खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली. पुढे ती टिकली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास सीरियाकडून आलेल्या दोघा व्यापाऱ्यांनी इस्तंबूलमध्ये कॉफीची घरे उघडली. बुद्धिबळे, किस्से, कवने आणि दरबारच्या बातम्या असा तेथला थाट. 1633 साली सुलतान चौथा मुराद याने ती बंद करविली आणि आज्ञा मोडणारास देहान्त शिक्षा फर्माविली. एवढ्याशा कडू पाण्याला सुलतानाने का भ्यावे? तो पाण्याला भ्याला नव्हता. ते पीत बसलेली माणसे एकमेकांशी काय बोलतात, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

लंडनमधले पहिले कॉफीगृह 1652 साली कॉर्नहिल भागातील एका बोळात निघाले. ते चालविणारा पास्क्वा रोझे हा तुर्कस्तानाशी व्यापार करणाऱ्या एका सौदागराचा परदेशी नोकर होता. परक्यांची सोय लावणारे दुकान एका परक्यानेच काढावे, यात मला तरी मोठे औचित्य दिसते. थोड्याच वर्षांत अशी घरे गल्लोगल्ली झाली. एक पेनी टाकावी, पेला घ्यावा, लांब मेजाशी जी जागा मोकळी असेल तेथे बसावे आणि वर्तमानपत्र वाचावे. शेजारी उमराव असो की शिंपी, त्याच्यासाठी उठण्याचे कारण नाही, असा तेथला रिवाज. अवघ्या एका पेनीत एवढे ऐकावयास मिळे, की लोक या घरांना पेनीचे विद्यापीठ म्हणू लागले. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक आणि सागरी विम्याचा धंदा करणारे बसत. त्या बसण्यातूनच पुढे लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमासंस्था जन्मास आली. शेअरबाजाराची सुरुवातही जोनाथनच्या कॉफीगृहातली.

येथेही राजा भ्यालाच. 29 डिसेंबर 1675 रोजी दुसऱ्या चार्ल्सने जाहीरनामा काढला, की 10 जानेवारीपासून सर्व कॉफीगृहे बंद. परंतु ओरड एवढी झाली की अंमल सुरू होण्याआधी दोन दिवस, 8 जानेवारीस, राजाला हुकूम मागे घ्यावा लागला. ज्याच्या बापाचे मस्तक प्रजेने उडविले होते, त्याला कोठे थांबावे हे कळत असले पाहिजे! तथापि या समतेच्या गोडव्यात एक उणीव विसरून चालणार नाही. काही कॉफीगृहे बायका चालवीत. परंतु गिऱ्हाईक म्हणून मेजाशी बसण्याचा रिवाज पुरुषांचाच होता. पुढे अठराव्या शतकात काही कॉफीगृहांनी वर्गणीदारांपुरतीच दारे उघडी ठेवली, त्यांचे क्लब झाले, आणि पेनीवाला बाहेर राहिला.

हिंदुस्थानात कॉफी आणली ती बाबा बुदान यांनी, अशी परंपरा सांगते. हजहून परतताना त्यांनी मोख्याहून सात बुंददाणे आणले आणि आजच्या चिकमगळूर जिल्ह्यातील डोंगरावर पेरले. त्या डोंगराला त्यांचेच नाव आहे. परंतु दाणा रुजला म्हणून कॉफीगृह रुजत नाही. त्यासाठी मंदी यावी लागली. 1929 नंतर जगात मालाचे भाव कोसळले, मळेवाल्यांची कॉफी पडून राहू लागली, तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करावे असे ठरले. 1935 सालच्या कायद्याने कॉफीवर उपकर बसवून समिती नेमण्यात आली आणि तिने 1936 साली पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले, ते मुंबईत, चर्चगेटला. पुढच्या दहाबारा वर्षांत देशभर अशी पन्नासएक घरे झाली. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर तुऱ्याचा फेटा असे तेथले वाढपी. हेतू सगळा विक्रीचा. पण विक्रीच्या हेतूने काढलेल्या त्या घरांनी भलतेच काम केले.

मुंबईकर येथे म्हणेल, ‘आमचा इराणी काय वाईट होता?’ मुळीच नव्हता. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाची खुर्ची आणि मस्कापाव यांनी या शहरात आलेल्या कित्येक बिऱ्हाडहीन तरुणांना आधार दिला आहे. इराण्याने कोणाची जात विचारली नाही, हे त्याचे मोठेच पुण्य. त्याचे मोल कळण्यासाठी इतरत्र काय चालले होते ते पाहावे. दक्षिणेत गावोगाव कॉफी क्लब होते, आणि त्यांतील अनेकांच्या पाट्यांवर ते ब्राह्मणांचे असल्याचे लिहिलेले असे. आपल्याकडे 1927 साली महाडास तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. चहाकॉफीची गोष्ट तर दूरच. म्हणून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात खाणावळीचे काय काम, असे एखाद्यास वाटेल. ज्याला दाराबाहेर नारळाच्या करवंटीत चहा ओतून मिळाला, त्याला तसे वाटणार नाही. 1957 साली, म्हणजे घटना अमलात येऊन सात वर्षे झाल्यावरही, मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये एका उपाहारगृहाच्या पाटीवरील ‘ब्राह्मणाळ’ हा शब्द पुसला जावा म्हणून पेरियार रामस्वामी यांना आंदोलन करावे लागले.

योगायोग असा, की त्याच 1957 साली कॉफी हाऊसच्या कथेलाही कलाटणी मिळाली. कॉफी मंडळाने आपली घरे बंद करावयाचे ठरविले आणि फेटेवाले नोकर रस्त्यावर आले. केरळातील साम्यवादी पुढारी ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले, की घरे तुम्हीच चालवा. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे पेले उचलले त्यांनी पदरचे पैसे घालून सहकारी संस्था काढल्या. पहिली 19 ऑगस्ट 1957 रोजी बंगळूरमध्ये स्थापन झाली. 27 डिसेंबरला दिल्लीत इंडियन कॉफी हाऊस उघडले. 8 मार्च 1958 रोजी त्रिचूरला दार उघडले. ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले, एवढाच पाटीत फरक. आत मात्र नोकर मालक झाला होता. सहकार म्हटला की आपल्याला साखर कारखाना आठवतो. नोकरांनी चालविलेला हा सहकारही साठ वर्षांहून अधिक काळ टिकला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जबलपूरच्या संस्थेची घरे मध्यप्रदेशात ठिकठिकाणी आहेत. तिरुवनंतपुरमला तर लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने विटांचा गोल मनोराच बांधून दिला. त्याच्या चढत्या उतरणीवर मेजे मांडलेली आहेत.

येत्या नाताळच्या सुटीत कलकत्त्यास जावयाचे घाटत आहे. तेथील कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसविषयी मी इतके ऐकले आहे, की न पाहताच त्याचा जिना ओळखीचा वाटतो. 1876 सालच्या अल्बर्ट हॉलमध्ये 1942 साली ते सुरू झाले. 1958 साली ते बंद करण्यात आले, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी अर्जविनंत्या करून त्याच वर्षी ते पुन्हा उघडविले. पगाराच्या वाढीसाठी सह्या गोळा करणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले आहेत. कॉफीच्या दुकानासाठी सह्या करणाऱ्या मास्तरांच्या गावी एकदा जाऊन यावे, असे वाटणारच.

दिल्लीचे नशीब असे नव्हते. कनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस आणीबाणीच्या काळात पाडण्यात आले. तेथे बसणाऱ्यांनी पुढे मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवरील कॉफी हाऊसचा आसरा घेतला. इस्तंबूलचा सुलतान आणि लंडनचा राजा यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

आज शहरोशहरी काचेच्या भिंतींची कॉफीगृहे निघाली आहेत. 1996 साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघाले, तेव्हापासूनची ही रांग. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु एकटी मुलगी तेथे पुस्तक घेऊन दोन तास बसू शकते, ही गोष्ट लंडनच्या पेनीला साधली नव्हती आणि गावच्या पाराला तर नाहीच नाही. उलट, एका पेल्याला रोजंदारीचा मोठा हिस्सा मोजावा लागला, तर पाटीवर काही न लिहिताही दार बंद होते, हेही तितकेच खरे. तेव्हा नव्या शहरी कॉफीचे दुकान पाहावयास जाणाराने कॉफीची चव तर घ्यावीच. पण पेला रिकामा झाल्यावर आपल्याला किती वेळ बसू देतात, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण कोण येऊन बसतो, तेही पाहून यावे. त्या गावाविषयी इतके पुराणवस्तुसंग्रहालयही सांगणार नाही.