आईने भरलेला फॉर्म

आज आपण एका फॉर्मचा इतिहास ऐकणार आहोत.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख यांनी मुलांच्या वागणुकीची एक यादी तयार केली. तिची पुस्तिका १९८३ साली निघाली. यादीत शंभराहून जास्त वाक्यं. मूल फार वाद घालतं, खूप रडतं, एका जागी बसत नाही, अशी. गेले सहा महिने आठवून आईवडिलांनी प्रत्येकापुढे ०, १ किंवा २ लिहायचं. डॉक्टरांसमोर गप्प बसणारं मूल घरी कसं असतं, हे कुणीतरी आईला नीट विचारलं, याचं आम्हांला अजूनही अप्रूप वाटतं.

पुढे १९९५ साली बॉस्टनच्या जोसेफ बीडरमन यांच्या गटाने मांडलं, की या गुणांवरून बायपोलरची मुलं नुसत्या चंचल मुलांपासून वेगळी ओळखू येतात. मग लक्ष न लागणं, आक्रमकपणा आणि चिंता-उदासी हे तीन रकाने एकदम चढले, की ती बायपोलरची खूण, असं म्हटलं जाऊ लागलं.

अडचण इथेच होती. बायपोलर हा येण्याजाण्याचा आजार. काही दिवस झोप नको, बोलणं थांबत नाही, मन उधाणलेलं. मग कधी खोल उदासी. मध्ये मूल पुन्हा नेहमीसारखं. फॉर्म विचारतो ‘किती’. ‘कधी सुरू झालं, कधी थांबलं’ हे विचारत नाही. दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर तारखेनिशी लिहितो ना, तसा रकाना त्यात नव्हता. मग रोजच चिडणारं मूलही त्याच खुणेत बसे.

दोष एकट्या फॉर्मचा नव्हे. रोजची चिडचिड म्हणजेच उन्माद, असं मानणारे डॉक्टरही होते. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या बायपोलर निदानाच्या भेटी सुमारे चाळीसपट झाल्या. वजन भराभर वाढवणारी औषधं कोवळ्या वयात सुरू झाली.

एलेन लायबेनलुफ्ट यांनी सतत चिडणाऱ्या मुलांचा वेगळा अभ्यास केला. अशी मुलं मोठेपणी बहुधा नैराश्य किंवा चिंतेकडे जातात, बायपोलरकडे नाही, असं दिसलं. २०१३ साली अमेरिकी निदानपुस्तकात त्यांच्यासाठी निराळं नाव आलं. त्या तीन रकान्यांच्या खुणेलाही आता बायपोलर म्हणत नाहीत, भावना न आवरण्याची खूण म्हणतात.

फॉर्म अजून वापरात आहे. तुमच्या हाती आला तर जरूर भरा, आणि सोबत तारखा लिहिलेलं कॅलेंडरही डॉक्टरांकडे न्या.