पटपडगंज जिंकले असते तर...

मराठी विद्यार्थ्याला पानिपत वेगळे सांगावे लागत नाही. १७६१ ची ती संक्रांत त्याच्या बोलीत आणि म्हणींत मुरलेली आहे. परंतु ११ सप्टेंबर १८०३ हा दिवस फार थोड्यांना आठवतो. त्या दिवशी यमुनेच्या पूर्वतीरावर, आज जेथे नोएडा शहर वसले आहे त्या परिसरात, दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेची जनरल लेकच्या इंग्रज फौजेशी गाठ पडली. हीच पटपडगंजची लढाई. तिचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आजही उभा आहे.

महादजी शिंद्यांनी १७८८ नंतर दिल्लीवर पक्का अंमल बसविला होता. अंध बादशहा शाह आलम त्यांच्या आश्रयास होता. १८०३ मध्ये लेकने ४ सप्टेंबरला अलीगढ घेतले आणि तो दिल्लीकडे वळला. त्याच्यापाशी सुमारे ४,५०० माणसे होती. शिंद्यांच्या बाजूस इंग्रजी नोंदींनुसार सुमारे १९,००० सैन्य आणि भक्कम तोफखाना होता. लांबच्या कूचीने थकलेले इंग्रज नुकते तळ ठोकत असतानाच त्यांना शत्रू समोर दिसला. लेकचा घोडा गोळी लागून पडला. तेव्हा त्याने घोडदळ माघारीचा देखावा करीत मागे घेतले. शिंद्यांचे पायदळ विजय झाला असे समजून मोर्चे सोडून पुढे धावले आणि दबा धरलेल्या पायदळाच्या संगिनींपुढे सापडले. ६८ तोफा गेल्या. कित्येक जण यमुनेत बुडाले. इंग्रजांचे सुमारे ५०० लोक मेले वा जखमी झाले.

त्या फौजेने मोर्चे सोडले नसते तर? थकलेल्या लेकला अलीगढकडे मागे फिरावे लागले असते. बादशहा, आणि त्याच्या नावाने मिळणारी मान्यता, कंपनीच्या हाती पडली नसती. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा तटावर ऑक्टरलोनीचे इंग्रज होते. त्यांच्या जागी शिंद्यांचे शिपाई असते, तर कदाचित दोन्ही सरदार एकाच बाजूला दिसले असते.

परंतु कल्पनेलाही पुराव्याचा लगाम हवा. लढाईपूर्वीच सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. सैन्य चालविणारा बुर्केंही तीन दिवसांनी शरण गेला. तोफांपाशी अखेरपर्यंत उभे राहिले ते नाव नसलेले गोलंदाज. होळकर त्या वर्षी अलिप्त होते. १८०२ च्या पुण्याच्या लढाईचे वैर ताजे होते. त्याच वर्षअखेरीस पेशव्यांनी वसईच्या तहावर सही केली होती. दक्षिणेत २३ सप्टेंबरला असईची लढाई व्हायचीच होती. पटपडगंजच्या विजयाने मराठ्यांना अवधी मिळाला असता. घरातील फूट मिटली असतीच असे नाही. डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेचा दुआब गेला, त्याची सुरुवात या मैदानाच्या कितीतरी आधी झाली होती.

‘जर-तर’चा इतिहास मनाला दिलासा देण्यासाठी लिहावयाचा नसतो. कोणती घटना टळण्याजोगी होती आणि कोणती नव्हती, हे त्यातून कळते. मोर्चा सोडून धावणे टळण्याजोगे होते. आपसांतील वैर तर त्याहूनही. नोएडाच्या त्या स्तंभापाशी उभ्या राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने पराभवाची खंत जरूर बाळगावी; परंतु त्याची कारणे शोधण्याची सवय तिथूनच सोबत न्यावी.