संत योहानाची रात्र आणि ग्रीक बेटांवरील कुटुंब

ख्रिस्तसभेने एखादी प्रथा निषिद्ध ठरवावी आणि ती शेकडो वर्षे जशीच्या तशी टिकून राहावी, असे इतिहासात वारंवार घडले आहे. अशा वेळी लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन विषय मिटवणे सोपे असते. तथापि इतका चिवटपणा एखाद्या प्रथेत येतो कोठून, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ग्रीसमध्ये, विशेषतः एजियन समुद्रातील बेटांवर, २३ जूनच्या संध्याकाळी सुरू होणारी ‘क्लिदोनास’ ही प्रथा ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

२४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा जन्मोत्सव. लूकच्या शुभवर्तमानानुसार मरियेला देवदूताचा संदेश मिळाला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता. त्या हिशोबाने ख्रिस्तजन्माच्या सहा महिने आधी हा सण येतो आणि तो उत्तरायणाच्या अखेरीजवळच पडतो. ग्रीक लोकांनी ह्या संताला ‘लिओत्रोपिस’, म्हणजे सूर्याच्या वळणाचा, असे नावच देऊन टाकले. सूर्याच्या ह्या वळणाशी निगडित असलेल्या जुन्या चालीरीती संताच्या आश्रयाला आल्या, त्या केवळ ग्रीसमध्येच नव्हे. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लोक ह्या दिवशी समुद्रस्नानाला जात, त्याबद्दल संत ऑगस्टीनने त्यांची कानउघाडणी केली होती.

प्रथा अशी. २३ जूनच्या संध्याकाळी गावातील एक कुमारिका विहिरीवरून वा झऱ्यावरून पाणी आणते. तिचे आईवडील दोघेही हयात असावेत, असा पुष्कळ ठिकाणी दंडक आहे. पाणी घेऊन परतताना तिने एक शब्दही उच्चारायचा नाही. वाटेत मुले तिची थट्टा करतात, तिला बोलते करण्याचा प्रयत्न करतात. ती बोलली तर पाणी ओतून पुन्हा जावे लागते. म्हणून ह्या पाण्याला ‘न बोललेले पाणी’ म्हणतात. मातीच्या घटातील त्या पाण्यात प्रत्येक अविवाहित मुलगी आपली एखादी वस्तू टाकते: अंगठी, बांगडी, किल्ली किंवा एखादे फळ. घटावर लाल कापड बांधून तो रात्रभर गच्चीवर ताऱ्यांखाली ठेवतात. त्याच संध्याकाळी गल्लोगल्ली जाळ पेटतात. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी दारावर लावलेली, आता वाळून गेलेली फुलांची माळ त्यात टाकतात, आणि लहानथोर सारे जाळावरून उड्या मारतात. दुसऱ्या दिवशी घट उघडतात. एकेक वस्तू निघताना कोणी तरी द्विपदी म्हणते. ज्या मुलीची वस्तू, तिचे भविष्य त्या द्विपदीत आहे असे समजायचे. शेवटी मुली त्या पाण्याचा घोट तोंडात धरून उभ्या राहतात आणि कानी पडणारे पहिले पुरुषाचे नाव हेच भावी पतीचे नाव, असे मानतात.

ह्या अखेरच्या कृतीतच प्रथेच्या नावाचा उगम आहे. प्राचीन ग्रीक भाषेत ‘क्लेदोन’ म्हणजे सहज कानी पडलेला सूचक शब्द. होमरच्या ‘ओडिसी’त घरी परतलेला ओडिसियस पहाटे शकुनाची याचना करतो, तेव्हा जात्यावर दळणारी एक थकलेली दासी नकळत त्याच्या विजयाची कामना बोलून जाते, आणि ते ऐकून तो हर्षित होतो. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानियस ह्याने फाराई नगरातील देवप्रश्नाचे वर्णन केले आहे. प्रश्न विचारणारा हर्मिस देवाच्या मूर्तीच्या कानात आपला प्रश्न कुजबुजे, मग स्वतःचे कान झाकून बाजारपेठेबाहेर जाई, आणि हात काढताच जो शब्द प्रथम ऐकू येई तेच उत्तर मानी. देवता गेली, मूर्ती गेली, पण ऐकण्याची रीत राहिली.

धर्मपुढाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. पाचव्या शतकात सिरियातील बिशप थिओडोरेट ह्याने राजांच्या पुस्तकावर भाष्य करताना लिहिले की, काही नगरांत वर्षातून एकदा चौकाचौकांत अग्नी पेटवलेले आपण पाहिले आहेत. पुरुषही त्यांवरून उड्या मारतात आणि आया तान्ह्या मुलांना ज्वाळेवरून नेतात. इ.स. ६९१-९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या त्रुल्लो परिषदेने आपल्या ६५ व्या नियमाने अमावास्येनंतरच्या नवचंद्राला घरांसमोर व दुकानांसमोर जाळ पेटवून त्यावरून उड्या मारण्यास मनाई केली. मनश्शे राजाच्या पापाचा दाखला देऊन तिने धर्मगुरूस पदच्युती आणि प्रापंचिकास बहिष्कार अशी शिक्षा सांगितली. बाराव्या शतकातील धर्मशास्त्री थिओडोर बाल्सामोन ह्याच नियमावर भाष्य करताना २३ जूनच्या रात्रीचे वर्णन करतो: ज्येष्ठ कन्येला वधूप्रमाणे सजवले जाई, अरुंद तोंडाच्या भांड्यातील समुद्राच्या पाण्यात लोक वस्तू टाकत, आणि ती त्या काढून एकेकाचे भाग्य सांगे. पॅट्रिआर्क तिसरा मिखाएल (११७०-७८) ह्याने ही चाल बंद केली, असेही तो नमूद करतो. ती बंद झाली नाही, हे आपण पाहतोच.

का झाली नाही? आमच्या मते उत्तर बेटांवरील कुटुंबरचनेत सापडते. एजियनमधील अनेक बेटांवर घर मुलीला मिळे आणि विवाहानंतर नवरा तिच्या घरी राहावयास येई. आपल्याकडील घरजावयाला चिकटलेला कमीपणा त्यात नव्हता, कारण तोच नियम होता. म्हणजे कन्या जन्मताच बापावर व भावांवर एक घर उभारण्याचे ओझे येई. बहिणींची लग्ने झाल्याविना भावाने लग्न करू नये, अशी रीत होती. कार्पाथोस बेटावर आईची मालमत्ता थोरल्या मुलीकडे आणि बापाची थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्या बहिणी पुष्कळदा अविवाहित राहून थोरलीच्या घरी राबत.

त्यात समुद्राची भर. कालिम्नोस बेटावरील स्पंज काढणारे पाणबुडे पुनरुत्थानाच्या सणानंतर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत आणि शरद ऋतूत परतत. १८६० च्या दशकात पाणबुड्यांचा नवा पोशाख आला. माणूस खोल पाण्यात अधिक वेळ राहू लागला आणि घाईने वर येताना कित्येक जण मेले वा कायमचे पंगू झाले. जूनच्या त्या रात्री असे अनेक तरुण दूर समुद्रात असत. अशा बेटांवरील मुलीच्या मनात ‘कोण?’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘परत येईल का?’ हाही प्रश्न असणारच.

ग्रीक ख्रिस्तसभेजवळ वाङ्निश्चयाचा विधी होता, मुकुटविधीचा होता, अंत्यविधीचाही होता. पण ज्या काळात मुलगी केवळ वाट पाहत असते, त्या काळासाठी तिच्याजवळ काय होते? ते रिकामे स्थान घटाने भरले. घरी ज्या विषयावर मुलीने तोंड उघडायचे नाही, तो विषय ह्या रात्री साऱ्या गावासमोर गाण्यातून बोलला जाई, आणि कोणाचाच मान दुखावत नसे. न बोललेले पाणी हे खरोखर न बोललेल्या चिंतेचे पाणी होते.

ह्यावरून परिषदेचा नियम निरर्थक होता असे आम्ही म्हणत नाही. मनुष्याचे भवितव्य आंधळ्या दैवाच्या हाती नसून पित्याच्या हाती आहे, हे शिकवणे तिचे कर्तव्यच होते. पण दैवावरचा विश्वास ज्या भीतीतून उपजतो, त्या भीतीला नियमाचा हात लागला नाही.

जो बदल बहिष्काराने झाला नाही, तो कुटुंबातील बदलाने झाला. विसाव्या शतकात बेटांवरील कुटुंबेच्या कुटुंबे अथेन्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे गेली. १९८२ मध्ये ग्रीसमध्ये नागरी विवाहास मान्यता मिळाली. १९८३ च्या कायद्याने हुंड्याची पद्धत रद्द केली. क्लिदोनास आजही होतो, पण बहुतेक ठिकाणी सांस्कृतिक मंडळे आणि नगरपालिका तो साजरा करतात. घटातून निघालेल्या द्विपदीने आता कोणा मुलीचे काळीज धडधडत नाही.

गोव्यातील आमच्या वाचकांना ह्याच तारखेचा ‘सांजांव’ आठवेल. तेथे जाळाऐवजी भरलेली विहीर आहे, वाळक्या माळेऐवजी डोक्यावर ताजे कोपेल आहे; पण नव्या जावयाला सासुरवाडीचे पहिले आमंत्रण ह्याच सणाचे असते. म्हणजे सणाच्या केंद्रस्थानी येथेही कुटुंबच आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांच्यासमोर एखादी प्रथा येते, तेव्हा ती शास्त्राला धरून आहे की नाही हे त्यांनी अवश्य पाहावे. परंतु त्याआधी त्या घटात कोणी काय टाकले आहे, आणि ते टाकणाऱ्या मुलीला रात्रभर झोप का लागली नाही, एवढे विचारावे. अलीशिबेच्या घरीही वाट पाहण्याची वर्षे फार होती, आणि योहानाचा जन्म त्या वाट पाहण्यालाच मिळालेले उत्तर होते.