बनिहाल बंद आहे

सोलापुरात अब्बांचा फळांचा गाडा होता. डिसेंबरात कधी सफरचंदाच्या पेट्या वेळेवर आल्या नाहीत, की अडत्या एवढंच सांगायचा, ‘बनिहाल बंद आहे.’ मला ते एखाद्या दुकानाचं नाव वाटायचं. पुढे कळलं, तो पीर पंजाल डोंगरातला २,८३२ मीटर उंचीवरचा घाट आहे.

या घाटावरून जम्मूहून श्रीनगरला जाणारी गाडीवाट संस्थानी काळात झाली. १९२२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. काश्मीरला तेव्हा झेलमच्या काठाने रावळपिंडीकडे जाणारा दुसरा रस्ताही होता. १९४७ मध्ये तो तुटला आणि सारा भार बनिहालवर आला. भूमध्य समुद्राकडून येणारी हिवाळी वादळं या डोंगरांवर आदळतात. बर्फ साचलं, की खोऱ्याचं दारच बंद.

१९५६ च्या डिसेंबरात घाटाखालून जवाहर बोगदा सुरू झाला. तो शिखरापेक्षा सहाशेहून अधिक मीटर खाली होता. आता हिवाळा जिंकला, असं अनेकांना वाटलं असेल. पण वादळ बोगद्याच्या तोंडाशी थांबलेलं असतं. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी उत्तरेकडच्या तोंडाजवळच्या पोलीस चौकीवर हिमकडा कोसळला. वाटसरूंसाठी पहारा देणारे पोलीसच त्यात गेले. २०२१ मध्ये आणखी खालून साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा वाहतुकीला खुला झाला. तरीही रामबन ते बनिहाल हा टप्पा अवघडच आहे. पावसाने तिथे दरडी सुटतात, दगड घरंगळतात. रात्री रस्त्यावरचं पाणी गोठून काचेसारखं होतं. त्यावर ब्रेक दाबला, की गाडी थांबत नाही, घसरते.

एका जानेवारीत कविसंमेलनाला जाताना आमची गाडी रामबनला अडवली. मी चिडलो. मागे ट्रकांची लांब रांग लागली होती. स्टोव्हवर चहा ठेवलेला एक ट्रकवाला मला म्हणाला, ‘चाचा, रोका है, तो घर पहुँचेंगे.’ दोन रात्री आम्ही तिथेच काढल्या. संमेलन हुकलं.

तेव्हा अब्बा आठवले. पेट्या उशिरा आल्या, की निम्मी फळं डागाळलेली निघायची. घरात त्या आठवड्याला ओढाताण व्हायची. पण त्यांनी ड्रायव्हरला कधी बोल लावला नाही. आधी विचारायचे, ‘माणूस नीट पोचला ना?’ मग पेटी उघडायचे.