बाटलीवरची बारीक अक्षरं

१९९४ साल आपल्याकडे लक्षात राहिलं ते सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या रायमुळे. पण त्याच वर्षी आपल्यापासून फार लांब आणखी तीन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये फिनलंडमधल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल छापून आला, ऑगस्टमध्ये लायनस पॉलिंग नावाचा थोर शास्त्रज्ञ वारला आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. या तिन्हींचा संबंध आज आपल्या जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्याशेजारी उभ्या असलेल्या बाटल्यांशी आहे. मल्टीव्हिटॅमिन, ओमेगा थ्री, केसांसाठी बायोटिन, सांध्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल वगैरे. कोणी अमेरिकेहून आलं की बॅगेतून चॉकलेटं, बदाम आणि या बाटल्या निघतात हे आता ठरूनच गेलंय. हा सगळा मामला सुरू कुठून झाला, या उत्सुकतेपोटी गेले काही आठवडे त्याचा इतिहास वाचत होते, तेच इथे लिहितेय.

सप्लिमेंटला मराठीत आपण 'पूरक' म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो. पूरक म्हणजे भरून काढणारं. म्हणजे आधी कुठेतरी काहीतरी कमी असायला हवं! आणि खरंच, या गोष्टीची सुरुवात तशीच झाली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच लोकांच्या ताब्यातल्या जावा बेटावर बेरीबेरीने माणसं मरत होती. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं. तिथे क्रिस्टियान आइकमान हा डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाच तशी लक्षणं दिसू लागली, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळात उरलेला पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घालत होते. मग नवीन आचारी आला. त्याला काही हा लष्करी भात 'मुलकी' कोंबड्यांना देणं पटेना, आणि कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर गेल्या! तांदळाच्या कोंड्यात काहीतरी होतं, जे सडताना निघून जात होतं. १९१२ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या काझिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने अशा पदार्थांना 'व्हिटामाइन' हे नाव दिलं. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

काही नसल्यामुळे रोग होतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. रोग म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरतं, जंतू किंवा विष, अशीच समजूत होती.

यातला एक अध्याय आपल्या मुंबईत घडलाय आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर ॲनिमिया होत होता आणि त्यात जीव जात होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम सुरू केलं. आधी जंतू शोधला, सापडला नाही. मग तिने या बायका खातात काय ते पाहिलं. ताटात भाजीपाला आणि फळं फार कमी. मग उंदरांना आणि माकडांना तसाच आहार देऊन पाहिला, आणि वेगवेगळ्या गोष्टी देऊन ते बरे होतात का ते तपासलं. माकड बरं झालं ते मार्माइटने. मार्माइट म्हणजे बीअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा खारट, काळा, चिकट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्तातली गोष्ट! तीच तिने त्या बायकांना दिली आणि त्या उभ्या राहिल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय होतं हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून ते फोलिक ॲसिड. मार्माइटमधला गुण त्याच्याच जातीच्या द्रव्याचा होता.

आज गरोदरपणात डॉक्टर पहिल्यांदा जी गोळी लिहून देतात, ती हीच. १९९१ मध्ये सात देशांत मिळून झालेल्या एका प्रयोगाचा निकाल आला. ज्यांच्या आधीच्या बाळाला मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मजात दोष होता, अशा बायकांना ही गोळी गर्भधारणेच्या आधीपासून दिली, तर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी घटला. माझ्या मते जगातल्या कुठल्याही सप्लिमेंटचा याहून मोठा पराक्रम क्वचितच असेल. आणि त्याचं मूळ आहे परळला, गिरणगावात.

मग गाडी रुळावरून घसरली कुठे? माझ्या मते 'कमी आहे ते भरा' याचं 'जास्त घ्या, जास्त बरं' असं झालं तिथे.

आणि ते सगळं बाजाराने केलं असंही नाही. बाजार होताच म्हणा. अमेरिकेत १९३० च्या दशकात कार्ल रेनबोर्ग याने न्यूट्रिलाइट नावाची सप्लिमेंट बाजारात आणली. १९४५ पासून ती साखळी पद्धतीने विकली जाऊ लागली : तू विक, दुसऱ्याला विकायला लाव, त्याच्या विक्रीतही तुझा वाटा. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या हातात एक पुस्तिका असे, त्यात या गोळ्यांनी कायकाय बरं होतं त्याची लांबलचक यादी. सरकार कोर्टात गेलं आणि १९५१ मध्ये असले दावे करायला बंदी आली. हीच न्यूट्रिलाइट विकता विकता दोन मित्रांनी १९५९ मध्ये ॲमवे काढली. १९९८ मध्ये ती भारतात आली. त्यानंतर आपल्यापैकी किती जणांना जुने शाळासोबती अचानक प्रेमाने चहाला बोलवू लागले, ते मी सांगायला नको!

पण 'जास्त घ्या' याला प्रतिष्ठा मिळाली ती एका खऱ्याखुऱ्या विद्वानामुळे. लायनस पॉलिंग. १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं, अशी दोन नोबेल आणि तीही एकट्याने, कोणाबरोबर वाटून नाही. १९७० मध्ये त्याने व्हिटॅमिन सी आणि सर्दीवर पुस्तक लिहिलं. सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट सी घ्या, सर्दी पळेल. पुढे तो कॅन्सरबद्दलही तेच म्हणू लागला. स्वतः दिवसाला १८ ग्रॅम घ्यायचा, आणि रोजची गरज तर १०० मिलिग्रॅमही नाही. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांवर तपासून पाहिलं, काही उपयोग दिसला नाही. तपासण्याची पद्धतच चुकली, असं त्याचं म्हणणं शेवटपर्यंत होतं. तोवर दुकानांतून सी उडून जात होतं. नोबेलवाला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

सरकारने वेसण घालून पाहिली. रोजच्या गरजेच्या दीडपटीहून जास्त व्हिटॅमिन गोळीत असेल तर तिला औषध समजायचं, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९७३ मध्ये आणला. लोक भडकले. आमच्या व्हिटॅमिनला हात लावू नका! १९७६ मध्ये सिनेटर प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने कायदाच बदलला आणि एफडीएचे हात बांधले गेले. १९९० नंतर पुन्हा तीच लढाई. १९९३ च्या सुमारास टीव्हीवर एक जाहिरात लागायची. बंदूकधारी सरकारी लोक रात्री घरात घुसतात आणि मेल गिब्सनला पकडतात. त्याच्या हातात काय, तर व्हिटॅमिन सीची बाटली!

आणि २५ ऑक्टोबर १९९४ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. सप्लिमेंट हे औषध नव्हे, अन्नाचाच एक प्रकार. विकण्याआधी ते गुणकारी आहे हे सिद्ध करायला नको. ते घातक असेल तर तसं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, तीही माल बाजारात आल्यावर. 'संधिवात बरा होतो' असं बाटलीवर लिहायचं नाही, पण 'सांध्यांच्या आरोग्याला साहाय्यक' असं खुशाल लिहा. फक्त खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाका की हे विधान एफडीएने तपासलेलं नाही आणि हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. घरी अमेरिकेहून आलेली बाटली असेल तर आत्ता उठून बघा. चष्मा घेऊन जा.

आता फिनलंडकडे वळू. गाजरं, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं होतं. गाजरात बीटा-कॅरोटीन असतं. तर मग ते काढून गोळीतून दिलं तर? ५० ते ६९ वर्षांचे २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष निवडले आणि पाच ते आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एप्रिल १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त झाला होता. हो, जास्त! अमेरिकेतही असाच एक प्रयोग चालू होता, तिथे आकडा २८ टक्के. तो १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. ताटातल्या गाजराबरोबर शंभर गोष्टी येतात आणि गाजर खाणारा माणूसही वेगळा जगत असतो. त्यातलं एकच द्रव्य उचलून भरपूर दिलं तर ते कसं वागेल हे आधी सांगता येत नाही, ते तपासूनच पाहावं लागतं.

म्हणजे बघा, एप्रिलमध्ये विज्ञानाने सांगितलं की साधं जीवनसत्त्वही आधी तपासा. ऑगस्टमध्ये 'जास्त घ्या' सांगणारा पॉलिंग ९३ व्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेला. आणि ऑक्टोबरमध्ये कायद्याने सांगितलं की न तपासता विका. जगाने यातलं काय ऐकलं ते दिसतंच आहे. एफडीएच्याच म्हणण्याप्रमाणे १९९४ मध्ये अमेरिकेत असली उत्पादनं ४,००० च्या आसपास होती आणि उलाढाल ४०० कोटी डॉलर. २०१९ पर्यंत ५० हजारांहून जास्त उत्पादनं आणि ४,००० कोटींहून जास्त डॉलर. 'न्यूट्रास्युटिकल' हा भारदस्त शब्द तर १९८९ मध्येच स्टीफन डिफेलिस या डॉक्टरने घडवून ठेवला होता.

किंमत कोणी मोजली? फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळून गेला. वजन उतरवायला तो एफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या घेत होता आणि त्याच्या मृत्यूला त्यांचा हातभार लागला असं तपासणीत निघालं. एफेड्रावर बंदी यायला २००४ उजाडलं. कायदा झाल्यापासून दहा वर्षं. पुढे गंभीर दुष्परिणाम सरकारला कळवणं कंपन्यांना सक्तीचं झालं, उत्पादनाचेही नियम आले. पण विकण्याआधी गुण सिद्ध करा, हे काही आलं नाही.

हे सगळं तिकडचं, आपलं काय, असं कोणी म्हणेल. तर आपली हळद घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. पण पेटंट गेलं तरी कॅप्सूल आलीच. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की सोबत मिरीतलं पिपरीन दिलं तर ते कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. झालं, 'मिरीयुक्त' कॅप्सूल हजर! २०१९ मध्ये इटलीत आणि २०२२ मध्ये अमेरिकेत, हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद झाली. फोडणीतल्या हळदीला घाबरायचं काहीच कारण नाही. पण चिमूट आणि कॅप्सूल या एकच गोष्टी नाहीत. 'आपलीच तर हळद, काय होतंय' म्हणून घेणाऱ्यांना हे सांगायला हवं.

भारतातही या मालासाठी २०१६ मध्ये नियम आले आणि २०१८ पासून लागू झाले. त्यांतही लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापायला सांगितलं आहे. आणि आपण घेतो ते औषध म्हणूनच!

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. शाकाहारी माणसाला बी-१२ कमी पडू शकतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यालाही. तिथे गोळी हवीच, ती खरी पूरक. पण डॉक्टरांनी 'काही औषधं चालू आहेत का?' विचारलं की आपण बीपीची, शुगरची सांगतो आणि या बाटल्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या काय, नैसर्गिकच! केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅक ओळखण्याच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, असा इशारा एफडीएने २०१७ मध्ये दिला होता. हार्ट अटॅकची तपासणी चुकीची 'नॉर्मल' येणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

तेव्हा काका, मावशी, आत्या आणि इथे येणारे बाकीचे सगळे, एवढंच करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून घेऊन जा, अमेरिकेच्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी दिलेल्या, सगळ्या. आणि एकेक समोर ठेवून विचारा, 'माझ्यात नेमकं काय कमी आहे, जे ही भरून काढणार आहे?' लूसी विल्सने परळमध्ये हाच प्रश्न विचारला होता. उत्तर मिळालं तर गोळी जरूर घ्या. नाही मिळालं तर त्या पैशांची भाजी आणा.