परसबागेतील रोगप्रतिकारक बटाटा : स्वरूप आणि संवर्धन

१. संज्ञानिश्चिती

‘रोगप्रतिकारक वाण’ ही संज्ञा व्यवहारात तीन भिन्न गुणांना लावली जाते. (अ) प्रतिकार : रोगकारकाचा प्रवेश किंवा वाढ रोखण्याची क्षमता. (आ) सहनशीलता : रोग जडूनही उत्पादन फारसे घटू न देण्याची क्षमता. (इ) परिहार : रोगाचा काळ येण्यापूर्वीच पीक पक्व होणे. सहनशील झाड स्वतः तगते, परंतु त्याच्यावर रोगकारक वाढत राहतो आणि शेजारच्या झाडांवर जातो. परिहाराचे कारण वाणाचा अल्प कालावधी हे असते. हंगाम चुकला की तो गुण उरत नाही. प्रस्तुत विवेचन केवळ पहिल्या गुणाचे आहे.

प्रतिकार हा नेहमी विशिष्ट असतो. त्याचा निर्देश करताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणत्या रोगाविरुद्ध आणि कोणत्या अवयवात. उशिरा येणारा करपा, लवकर येणारा करपा, जिवाणूजन्य मर आणि माव्यामार्फत पसरणारे विषाणुरोग यांची कारणे भिन्न आहेत. एकाला रोखणारा वाण दुसऱ्याला बळी पडू शकतो. तसेच ज्याचा पाला करप्याला दाद देत नाही, त्याचे कंद त्याच रोगाने कुजू शकतात.

२. प्रतिकाराचे प्रकार

यापुढे उशिरा येणारा करपा हाच रोग उदाहरणादाखल घेतला आहे. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा त्याचा रोगकारक. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळाचे निमित्त तोच होता. व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये प्रतिकाराचे दोन वर्ग मांडले.

पहिला, ऊर्ध्व प्रतिकार. तो एखाद्या प्रबळ जनुकावर अवलंबून असतो. रोगकारकाचे विशिष्ट प्रथिन ओळखताच पानातील बाधित पेशी स्वतःहून मरतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो आणि रोग तेथेच थांबतो. अशी अनेक जनुके मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या वन्य जातीतून लागवडीच्या बटाट्यात आणली गेली. दुसरा, क्षैतिज प्रतिकार. तो अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. त्यात रोग होतो, परंतु चट्टे सावकाश वाढतात आणि बीजाणू कमी तयार होतात.

३. प्रतिकार क्षीण का होतो

बटाट्याची लागवड कंदापासून होते, म्हणून एका वाणाची सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकरूप असतात. वाण स्थिर राहतो, रोगकारक मात्र बदलत राहतो. ओळखले जाणारे प्रथिन बदलले की ऊर्ध्व प्रतिकार एकदम निष्फळ ठरतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा कुफरी ज्योती हा वाण १९६८ मध्ये प्रसारित झाला, तेव्हा करप्याचा प्रतिकार हा त्याचा प्रमुख गुण होता. पुढील दशकांत तो प्रतिकार क्षीण झाला. अन्य गुणांमुळे वाण टिकून राहिला. यावरून असे ठरते की दोन्ही प्रकारांत प्रतिकारापासून अवधी मिळतो : ऊर्ध्व प्रकारात वर्षांचा, क्षैतिज प्रकारात दिवसांचा. त्या अवधीचा विनियोग लागवड करणाऱ्याच्या हाती असतो.

४. संवर्धनाचे टप्पे

(अ) बेणे. प्रमाणित बेणेच घ्यावे. बाजारातील खाण्याच्या बटाट्यात विषाणू सुप्त असू शकतात आणि घरचे कंद पुनःपुन्हा लावल्यास ते साठत जातात. मर रोग बेणे कापण्याच्या सुरीवरून पसरतो, म्हणून ३० ते ४० ग्रॅम वजनाचे अखंड कंद श्रेयस्कर.

(आ) काल व स्थान. महाराष्ट्रात परसबागेसाठी रब्बी हंगाम, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड, उचित होय. कंद पोसण्यास रात्रीचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली असावे लागते. टोमॅटो, वांगी किंवा मिरची नुकतीच निघालेला वाफा टाळावा, कारण ही पिके बटाट्याच्याच कुळातील आहेत.

(इ) अंतर, पाणी, भर. दोन वरंब्यांत ६० व दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास पाल्यात हवा खेळते. पाणी सकाळी, सरीतून द्यावे. रात्रभर ओले राहिलेले पान बीजाणूंच्या अंकुरणास अनुकूल असते. लागवडीनंतर सुमारे महिन्याने मातीची भर द्यावी. पाल्यावरून पाण्याबरोबर ओघळणारे बीजाणू त्यामुळे कंदापर्यंत सहज पोहोचत नाहीत, तसेच कंद उन्हाने हिरवे पडत नाहीत.

(ई) निरीक्षण. थंड, ढगाळ, दमट दिवसांत सकाळी पान उलटून पाहावे. कडेला ओलसर काळपट चट्टा आणि खालच्या बाजूस त्याच्या परिघावर पांढरी लव दिसल्यास तो उशिरा येणारा करपा. जुन्या पानांवर एकात एक वलये असलेला कोरडा डाग लवकर येणाऱ्या करप्याचा. पहिल्या रोगाची पाने त्याच दिवशी काढून नष्ट करावीत.

(उ) काढणी. पाला कापून १० ते १५ दिवस कंद जमिनीतच ठेवावेत, म्हणजे साल पक्की होते. काढणीनंतर एकही कंद मातीत राहू देऊ नये. राहिलेला रोगट कंद पुढील रोगाचे उगमस्थान ठरतो.

५. निष्कर्ष

क्षैतिज प्रतिकाराने मिळालेले दिवस निरीक्षणात आणि रोगट पाला काढण्यात खर्ची पडले, तरच त्यांचा उपयोग. ऊर्ध्व प्रतिकाराची वर्षे वाढवायची, तर रोगकारकाची संख्या अल्प ठेवणे आवश्यक. कारण संख्या जितकी मोठी, तितका प्रतिकार भेदणारा प्रकार उद्भवण्याचा संभव अधिक. बीजाणू वाऱ्याने कुंपण ओलांडतात. म्हणून प्रतिकारक वाण लावणाऱ्याची जबाबदारी सामान्य वाण लावणाऱ्यापेक्षा अधिक आहे : एका वाफ्यातील दुर्लक्षाने परिसरातील सर्वांचाच वाण निष्प्रभ होऊ शकतो.