राउटर : स्मृतिमर्यादांचा इतिहास

एका संगणक जालकातून दुसऱ्या जालकाकडे जाणाऱ्या संदेशांना मार्ग लावून देणाऱ्या विशेष संगणकास राउटर किंवा मार्गक म्हणतात. आलेले संदेश-पाकीट क्षणभर साठविणे, त्याची पुढील वाट कोष्टकावरून ठरविणे व ते पुढे धाडणे ही त्याची मुख्य कामे असून या सर्वांस स्मृती लागते. सामान्य संगणकात कार्यस्मृती अपुरी पडल्यास काही मजकूर तबकडीवर हलविता येतो. छोट्या राउटरमध्ये बहुधा तबकडी नसते. त्यामुळे त्याच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्यास, म्हणजे कर्नेलला, ठराविक स्मृतीतच सर्व व्यवहार भागवावा लागतो. जालक-नियंत्रणाच्या कित्येक पद्धती या मर्यादेतूनच निर्माण झालेल्या आहेत.

आरंभ : राउटरचा पूर्वज म्हणजे आर्पानेट या अमेरिकी जालकातील इंटरफेस मेसेज प्रोसेसर, संक्षेपाने ‘इंप’, होय. बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत फ्रँक हार्ट यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला व १९६९ मध्ये पहिला इंप लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बसविण्यात आला. त्यासाठी हनीवेल डीडीपी-५१६ हा १६ बिटी संगणक निवडला होता. त्याची चुंबकीय कड्यांची स्मृती १२,२८८ शब्दांची, म्हणजे अवघी २४ किलोबाइट होती. त्यांपैकी सुमारे निम्मी कार्यक्रमाने व्यापली होती आणि उरलेल्या जागेत पाकिटे साठवावी लागत. ५१२ शब्दांचा एक भाग लेखनापासून संरक्षित ठेवला होता. वीज खंडित होऊन पुन्हा आल्यावर त्यातील सूचनांच्या आधारे यंत्र आपोआप सुरू होई.

कोंडी : आर्पानेटवरील एका संदेशाची जास्तीत जास्त आठ पाकिटे होत. ती सर्व हाती येईपर्यंत अंतिम इंपला आलेली पाकिटे जपून ठेवावी लागत. अनेक अपुऱ्या संदेशांनी स्मृती भरून गेली, की ते पूर्ण करणाऱ्या पाकिटांनाच जागा उरत नसे. ती पाकिटे शेजारच्या इंपमध्ये अडकून पडत व सर्व वाहतूक थांबे. रॉबर्ट कान यांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९७० च्या सुरुवातीस मुद्दाम केलेल्या चाचणीत तो खरा ठरला. कान व विल्यम क्राउथर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची मीमांसा आहे. यावर उपाय म्हणून मोठा संदेश पाठविण्यापूर्वी अंतिम इंपकडे जागा राखून मागण्याची पद्धत सुरू झाली. पुढे इंटरनेटच्या नियमावलीत याहून वेगळे धोरण स्वीकारले गेले : स्मृती भरल्यास राउटरने पाकीट खुशाल टाकून द्यावे आणि ते पुन्हा पाठविण्याची जबाबदारी टोकाच्या संगणकाने घ्यावी.

१९८० चा बिघाड : २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास निकामी झाले. एका इंपच्या स्मृतीतील बिट गळाल्याने ५० क्रमांकाच्या इंपच्या मार्गपत्रकाच्या ४४, ४० व ८ अशा अनुक्रमांकांच्या तीन प्रती जालकात पसरल्या. अनुक्रमांक सहा बिटांचा असल्याने त्याची गणना चक्राकार होती व पुढचा अंक ३२ पर्यंतच्या अंतरात असेल, तर तो नवा मानला जाई. या नियमाने ४० हा ८ हून, ४४ हा ४० हून आणि ८ हा ४४ हून नवा ठरला. परिणामी प्रत्येक इंप तिन्ही पत्रके अखंड स्वीकारू व धाडू लागला आणि साठवणीची जागा त्यांनीच भरून गेली. एखादा इंप बंद करून पुन्हा सुरू केला, तरी शेजाऱ्याकडून तीच पत्रके परत येत. अखेर ती दुर्लक्षिण्याची तात्पुरती दुरुस्ती इंपमध्ये करावी लागली. पाकिटांची तपासणी तारेवरील प्रवासात होत असे. स्मृतीत पडून असताना मात्र त्यांस संरक्षण नव्हते, हा यातील मुख्य धडा होय.

घरगुती राउटर : लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स कर्नेल वापरल्याचे आढळल्यावर २००३ मध्ये त्याची मूळ संहिता खुली करण्यात आली. तीतून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. या राउटरच्या आरंभीच्या प्रतिकृतींत ४ मेगाबाइट फ्लॅश व १६ मेगाबाइट कार्यस्मृती होती. २००५ मधील पाचव्या प्रतिकृतीत हे आकडे अनुक्रमे २ व ८ वर आणले गेले व लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली घेण्यात आली.

अशा साधनांत फाइली संक्षेपित, केवळ वाचनीय स्वरूपात ठेवून फ्लॅशमधील जागा वाचवितात. कार्यस्मृतीची अडचण अधिक कठीण असते. घरातील अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवण्यासाठी चालू असलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद कर्नेलला स्मृतीत बाळगावी लागते. नोंदींची कमाल संख्या ठरविलेली असते. ती गाठल्यावर नव्या जोडण्या नाकारल्या जातात. स्मृती पूर्ण संपल्यास कर्नेल एखादा चालू कार्यक्रम बंद करून जागा मोकळी करतो. मोठ्या संगणकात हे क्वचित घडते. छोट्या राउटरमध्ये मात्र बिनतारी सेवाच बंद पडण्याचा संभव असतो.

कर्नेलचा आकार प्रत्येक आवृत्तीगणिक वाढत गेल्याने ४ मेगाबाइट फ्लॅश व ३२ मेगाबाइट कार्यस्मृतीच्या साधनांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही अखेरची अधिकृत आवृत्ती ठरली. तिची देखभाल २०२२ मध्ये थांबली. यंत्र सुस्थितीत असूनही सुरक्षिततेच्या दुरुस्त्या न मिळाल्याने ते धोक्याचे बनते. राउटरचे आयुष्य त्याच्या झिजेपेक्षा त्याच्या स्मृतीवर अवलंबून राहते, असे या इतिहासावरून दिसून येते.